रात्री अडीचशे व्होल्ट

भाऊबीज सरली की झाडीपट्टीत नाटकांचा मोसम उघडतो. वडसा-देसाईगंजमधून नाटक मंडळ्यांच्या गाड्या निघतात आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत, कुठे मंडईच्या (म्हणजे जत्रेच्या) निमित्तानं तर कुठे शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या), रात्र रात्र नाटक चालतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या मंडळींनाही ही रंगभूमी ठाऊक झाली. नट, नाटककार, ऑर्गनवाले, सगळ्यांवर लिहून आलं. विजेवर मात्र कुणी लिहीत नाही. मला लिहायचंय ते विजेवरच. म्हणजे ती वीज पोटात घेऊन आवाज काढणाऱ्या जुन्या, वॉल्वच्या मशीनवर. आमच्याकडे अॅम्प्लिफायर कुणी म्हणत नाही, मशीनच म्हणतात.

मूल हे चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना लागणारं तालुक्याचं गाव. धानाचा पट्टा, राइस मिल, पलीकडे ताडोब्याच्या बाजूचं जंगल. इथल्या एखाद्या खेड्यात, लाइनच्या शेवटच्या टोकाला, संध्याकाळी सातला मीटर लावून बघा. घरोघरचे दिवे, टीव्ही, पाण्याच्या मोटारी चालू असतात आणि काटा २१० च्या आसपास घुटमळतो. त्याच जागी रात्री दोनला पाहा. मोटारी बंद, मिल बंद, निम्मं गाव मंडपात आणि निम्मं अंथरुणात. काटा २५० वर. नाटक तेव्हा ऐन रंगात आलेलं असतं.

आजच्या साऊंड सिस्टिमला या चढउताराचं काही वाटत नाही. तिच्यातला पॉवर सप्लाय आपला आपण सांभाळून घेतो. वॉल्वच्या मशीनला ती सोय नाही. लाइनला जे होतं ते तिच्या प्रत्येक अवयवाला होतं, आणि म्हणून परदेशी पुस्तकात छापलेला आकडा बघून ती ‘सेट’ करणाऱ्याचे वॉल्व मोसम संपायच्या आत जातात.

चंद्रपूरकरांनी यावर थोडं कडवट हसून घ्यायला हरकत नाही. २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र आपल्या उशाशी आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन जाते. ७५२ किलोमीटर लांब, १,५०० मेगावॉट वाहून नेणारी. इकडच्या टोकाला एसीची डीसी करायची, तिकडे पुन्हा एसी करायची, इतका थाट. आणि खाली, तारांच्या सावलीतल्या गावात, संध्याकाळी पंखा रडतो.

आता या मशीन इथवर आल्या कशा ते. लाऊडस्पीकर आपल्याकडे आला तो सभांच्या मागोमाग. मोटवाने घराण्याच्या ‘शिकागो रेडिओ’नं १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवले. १९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्यावरून झालेल्या खटल्यातल्या आरोपींत नानक मोटवाने यांचंही नाव होतं. या घराण्याची कंपनी पुढे नाशकात स्थिरावली, आणि त्यांचे मल्टिमीटर रेडिओ दुरुस्तीच्या टेबलांवर दिसू लागले. दिल्लीच्या अहुजा रेडिओजची सुरुवात १९४० ची. लग्न, कीर्तन, निवडणूक, टूरिंग टॉकीज, सगळीकडचा मोठा आवाज तेव्हा वॉल्वमधूनच निघायचा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ मध्ये रेडिओचे वॉल्व देशातच बनवायला घेतले. म्हणजे ज्या वर्षी मॅकिंटॉशचा एमसी-२७५ हा वॉल्वचा अॅम्प्लिफायर अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शिरत होता, त्या वर्षी आपण कुठे वॉल्व घडवायला लागलो होतो. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ट्रान्झिस्टरनं हा सगळा कारभार गुंडाळला. मशीन माळ्यावर गेल्या.

त्यातलीच एक मूलजवळच्या एका घरातून खाली उतरली. आजोबांचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. नातवाला ती पुन्हा वाजवून बघायची होती. दर्शनी पट्टीवरचं नाव उडालेलं, लोखंडी चौकट तांबरलेली, वर आउटपुटचे दोन ईएल-३४ वॉल्व, त्यांच्या पुढे ईसीसी-८३, मागे गोल बेसचा रेक्टिफायर वॉल्व आणि दोन जड ट्रान्सफॉर्मर. मशीन ज्यांच्या टेबलावर आली त्यांना सगळे काकाजी म्हणतात. वय सत्तरीपुढे, तरुणपणी बैलगाडीत भोंगे घालून गावोगाव फिरलेले.

तळाचा पत्रा काढला तर आत कुंभारमाशीची दोन मातीची घरं, एक नेमकं आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या टॅगांवर. माती कोरडी असेपर्यंत निरुपद्रवी. पावसाळ्यात ओल धरली की चारशे व्होल्टला चालायला आयता रस्ता. काकाजींनी ती स्क्रू ड्रायव्हरनं खरवडली नाही. बांबूची काडी घासून चपटी केली आणि थोडी थोडी सोडवली, कारण खालची एनॅमलची तार केसाएवढी असते आणि ती तुटली की ट्रान्सफॉर्मरच गेला. मग जुना दाढीचा ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, वॉल्वच्या बेसचा एकेक पिनहोल. दुपार त्यातच गेली.

नातू म्हणाला, एकदा प्लग लावून बघू या का?

“घाई कायले करता जी? इतके वर्स झोपलं आहे ते. आस्ते आस्ते उठवू.”

या ‘आस्ते आस्ते’मध्ये निम्मी विद्या आहे. पॉवर सप्लायमधले मोठे कंडेन्सर म्हणजे अॅल्युमिनिअमच्या पत्र्यावर विजेनं धरलेला ऑक्साइडचा पातळ थर. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की हा थर विरतो. अशा कंडेन्सरवर एकदम साडेचारशे व्होल्ट सोडले तर तो करंट गिळतो, तापतो आणि कधी कधी फुटतो. व्होल्टेज हळूहळू चढवलं तर थर पुन्हा धरतो. त्यासाठी डिमरस्टॅट लागतं, म्हणजे व्होल्टेज हवं तेवढं करून देणारा ट्रान्सफॉर्मर: तीस-चाळीस व्होल्टपासून सुरुवात, पायरीपायरीनं वर, प्रत्येक पायरीवर कंडेन्सरमधून गळणारा करंट खाली येईपर्यंत थांबायचं. आउटपुटचे वॉल्व तोवर काढून ठेवायचे. रेक्टिफायर वॉल्वही काढायचा, कारण कमी व्होल्टेजवर त्याचा फिलामेंट पेटतच नाही आणि पुढे काहीच जात नाही. मग अर्ध्यावर तो अचानक जागा होतो आणि सगळी सावधगिरी वाया जाते. त्याच्या जागी तात्पुरते दोन डायोड. काही तासांनीही कंडेन्सर गळतच राहिला तर त्याला निरोप द्यायचा. जुना म्हणून जपायची ती वस्तू नव्हे.

डिमरस्टॅट नसेल तर किमान सिरीज बल्ब. आपल्याकडच्या कुठल्याही रेडिओवाल्याच्या भिंतीवर हा बोर्ड असायचा: मशीन आणि लाइन यांच्या मध्ये १०० वॉटचा पिवळा बल्ब. मशीन ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. आत शॉर्ट असेल तर तो झळझळीत पेटलेलाच राहतो आणि मशीनला अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त काही मिळत नाही. थोडक्या पैशांत होणारा हा बंदोबस्त महागड्या उपकरणांनी विसरायला लावला, हे वाईट झालं. एलईडी बल्ब मात्र यात चालत नाही. तारेचाच हवा, आणि तो आता शोधावा लागतो.

इथेच जिवाची गोष्ट सांगून टाकतो. प्लग काढला म्हणजे मशीन मेली असं नाही. साडेचारशे व्होल्टला भरलेला शंभर मायक्रोफॅरडचा कंडेन्सर माणसाला उताणा पाडू शकतो. १० किलोओहमचा, १० वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी त्याच्या टोकांवर लावायचा, दहा सेकंद धरायचा, आणि मग मीटरनं शून्य बघूनच आत हात घालायचा. चालू मशीनवर मोजमाप करताना एक हात खिशात. काकाजी पायात रबरी चप्पल असल्याशिवाय टेबलाजवळ कुणाला उभं करत नाहीत.

आता वॉल्वच्या पोटात काय चालतं ते. निर्वात काचेत कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि चारशे व्होल्टच्या ओढीनं प्लेटकडे धावतात. वाटेत ग्रिडची जाळी. धानाच्या बांधीत पाणी सोडायला धुऱ्याला ठेवलेलं तोंड जसं थोडं दाबलं की पाणी अडतं आणि थोडं मोकळं केलं की धो धो येतं, तसं ग्रिडवरचं दोन-चार व्होल्टचं कमीजास्त प्लेटचा सगळा प्रवाह हलवतं. गाणं नसताना, माइक बंद असताना, हे तोंड किती उघडं ठेवायचं ते ठरवणं म्हणजे बायस लावणं. ईएल-३४ च्या ग्रिडवर त्यासाठी उणे ३६ च्या आसपास व्होल्टेज असतं. कमी उणे केलं तर करंट वाढतो, प्लेट तापते आणि शेवटी अंधारात लाल दिसू लागते. फार उणे केलं तर हळू आवाजात गाणं खरखरतं. दोन वॉल्वपैकी एक थांबतो आणि दुसरा अजून उठलेला नसतो, तो सांधा कानाला लागतो.

बायसला हात लावायच्या आधी कपलिंग कंडेन्सर. जंगलाच्या या मुलखात मशीन मरतात त्या बहुतेक याच्यामुळे. आधीच्या वॉल्वच्या प्लेटवर दोनेकशे व्होल्ट डीसी असतं; ते अडवून फक्त गाणं पुढे सोडणं हे याचं काम. जुन्या मशीनमध्ये तो मेणकागदाचा असतो, आणि कागद चार महिने दमट हवेत राहिला की ओल पितो. तो पूर्ण शॉर्ट व्हायला लागतच नाही. २० मेगाओहमची गळती हाताशी धरा. ऐकायला जवळजवळ काहीच नाही. पण पुढे ग्रिडला २२० किलोओहमचा रेझिस्टन्स असेल तर दोनशे व्होल्टमधले दोन व्होल्टहून थोडे अधिक ग्रिडवर येऊन बसतात. उणे ३६ चे उणे ३४ होतात आणि वॉल्वचा करंट आठ-दहा मिलिअँपिअरनं सहज वर जातो. तापलेल्या मशीनमध्ये गळती आणखी वाढते. संध्याकाळी ठीक असलेली मशीन मध्यरात्री वॉल्व खाते त्याचं हे एक कारण. मेणाचे सगळे कंडेन्सर काढून प्लास्टिक फिल्मचे बसवायचे, यात दुमत असू नये. ‘मूळचा भाग’ म्हणून ते जपणारे शौकीन मी पाहिलेत. त्यांनी ते काचेच्या कपाटात ठेवावेत.

ग्रिडवरचं हे व्होल्टेज मोजायचं कशानं, यातही एक खोच आहे. काट्याच्या मीटरवर बारीक अक्षरात व्होल्टला २०,००० ओहम असं लिहिलेलं असतं. पन्नास व्होल्टच्या रेंजवर त्याचा अर्थ असा की मीटर म्हणजे एक मेगाओहमचा रेझिस्टन्स. तो २२० किलोओहमच्या पुढे लावला की उणे ३६ च्या जागी काटा साडेएकोणतीसच दाखवतो. बरं, नुसतं चुकीचं दाखवून थांबत नाही. मीटर लागलेला असेपर्यंत ग्रिडवर खरोखरच साडेएकोणतीस राहतात आणि वॉल्व तेवढा वेळ भाजत असतो. दहा मेगाओहमच्या डिजिटल मीटरवर हेच वाचन ३५ च्या वर येतं. जुन्या काट्यावर माझं प्रेम आहे, कंडेन्सर भरताना त्याची चाल बघण्यासारखं सुख नाही. पण ग्रिडवर तो लावू नये.

म्हणून शहाणी रीत अशी की बायस ग्रिडवर मोजूच नये, कॅथोडवर मोजावा. प्रत्येक वॉल्वच्या कॅथोड आणि चेसिसच्या मध्ये १० ओहमचा, एक टक्क्याचा रेझिस्टन्स टाकायचा. त्यावर ०.४५ व्होल्ट दिसले की करंट ४५ मिलिअँपिअर. टाकण्याआधी तो रेझिस्टन्स स्वतः मोजायचा, आणि मोजताना मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जे वाचन येतं ते वजा करायचं. पिनांच्या तारांचेच तीन दशांश ओहम असतात आणि दहात तीन दशांश म्हणजे तीन टक्के.

अमेरिकेत १९५९ मध्ये निघालेल्या डायनाको स्टिरिओ-७० नं ही रीत घराघरात नेली. लोक डबा आणून घरीच जुळवणी करायचे. डायनाकोनं कॅथोडला १५.६ ओहम टाकले आणि सांगितलं, पुढच्या बाजूच्या भोकात मीटर खुपसा, १.५६ व्होल्ट येईपर्यंत स्क्रू फिरवा. दोन वॉल्वचे मिळून १०० मिलिअँपिअर. सोपं, देखणं. पण हा आकडा त्या काळच्या अमेरिकन लाइनसाठी आणि त्या काळच्या वॉल्वसाठी होता. आज खुद्द तिथले जाणते लोक तो कमी ठेवतात. आपल्याकडे मात्र असे आकडे मंत्रासारखे फिरतात.

आता मूलचा हिशेब. ईएल-३४ ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॉट उष्णता झेलते. पुशपुलच्या, म्हणजे दोन वॉल्व आळीपाळीनं ओढणाऱ्या, मशीनमध्ये त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत बायस ठेवायचा असा सर्वसाधारण दंडक, म्हणजे साडेसतरा वॉट. समजा संध्याकाळी सातला, लाइन २१० असताना, काळजीपूर्वक साडेसतरा वॉट लावले. रात्री दोनला लाइन २५०. ज्या मशीनमध्ये बायसचं उणे व्होल्टेज त्याच ट्रान्सफॉर्मरवरून येतं तिथे प्लेट, स्क्रीन (ग्रिड आणि प्लेटच्या मधली दुसरी जाळी), ग्रिड सगळं एकाच प्रमाणात वाढतं. वॉल्वचा नियम असा की सगळी व्होल्टेज एका पटीनं वाढली तर करंट त्या पटीच्या दीडाव्या घातानं वाढतो. उष्णता म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, तेव्हा ती अडीचाव्या घातानं. लाइन १.१९ पट झाली की उष्णता १.५५ पट. साडेसतराचे सत्तावीस वॉट. मर्यादा पंचवीस.

कुणी काही बिघडवलं नाही, कंडेन्सर नवे आहेत, आकडा पुस्तकातला आहे. तरी पहाटेपर्यंत दोन्ही प्लेटा लाल.

काकाजींना अडीचावा घात ठाऊक नाही. त्यांची रीत साधी आहे: बायस रात्री लावायचा. गाव झोपल्यावर, लाइन सगळ्यात वर असताना. हिशेबानं तपासलं तर ती रीत तंतोतंत बसते. डिमरस्टॅट असेल तर रात्रीची वाट बघायला नको. त्यावरच २५० लावायचे. २३० ला प्लेटवर ४३० व्होल्ट असतील तर २५० ला ४६७ होतात. साडेसतरा वॉटसाठी साडेसदतीस मिलिअँपिअर. कॅथोडमधून स्क्रीनचाही करंट जातो, तो पाचेक मिलिअँपिअर धरला तर १० ओहमवर ०.४२ व्होल्ट. तिथे बायसचा स्क्रू, म्हणजे प्रीसेट, थांबवायचा. मग संध्याकाळी २१० ला वॉल्व सव्वाअकरा वॉटवर येतो, थोडा थंड पडतो, हळू आवाजात थोडी खरखर वाढते. वाढू द्या. त्या वेळी मंचावर सत्कार आणि भाषणं चालू असतात.

मशीनच्या पाठीवर व्होल्टेजचा टॅप बदलायची सोय असेल तर तो आधी २४० किंवा २४५ वर न्यायचा. जुन्या युरोपीय यंत्रांवर ११० पासून वर पाच-सहा खाचा असतात आणि कुणी तरी कधी तरी आवाज वाढावा म्हणून तो २२० वर ठेवलेला सापडतो. हीटरला ६.३ व्होल्ट हवेत; टॅप चुकला की रात्री सातच्या वर जातात आणि वॉल्वचं आयुष्य गुपचूप घटतं. सर्व्हो स्टॅबिलायझर लावला तर यातलं बरंचसं संकट टळतं, हे खरं. पण मंडप शेतात असतो, स्टॅबिलायझर घरी असतो.

बायस बसवला की पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा बघायचा, मग एखाद्या तासानं पुन्हा. दोन वॉल्वमधला फरक दोन-तीन मिलिअँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर एकाच बाजूनं डीसीचा ताण येतो आणि खर्ज आधी बिघडतो. या सगळ्या वेळात स्पीकर किंवा त्याच्या जागी आठ ओहमचा मोठा रेझिस्टन्स लावलेला हवाच. ट्रान्झिस्टरच्या मशीनला स्पीकर नसला तरी चालतं. वॉल्वच्या मशीनला मोकळं सोडून आवाज दिला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडते, आणि तसा ट्रान्सफॉर्मर आज विकत मिळत नाही, कुणाकडून तरी गुंडाळून घ्यावा लागतो.

नंतर राहतो तो घूंऽऽ असा आवाज. यात कान मीटरपेक्षा हुशार. आपली लाइन ५० हर्ट्झची. हीटरच्या तारांतून किंवा अर्थच्या घोटाळ्यातून येणारी घूं ५० ची असते. पॉवर सप्लायचा कंडेन्सर अशक्त असेल तर ती १०० ची, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. पेटीवाल्याला बोलवावं, तो क्षणात सांगतो कुठली आहे. १०० ची असेल तर कंडेन्सर बदलायचा. ५० ची असेल तर हीटरच्या तारांना पीळ आहे का, हीटरचा मध्य जमिनीला बांधलाय का, आणि माइकची जाळी दोन ठिकाणी अर्थ तर झाली नाही ना, हे बघायचं. मंडपात तिसरंच कारण जास्त सापडतं.

शेवटी ताकद. फोनवरून १,००० हर्ट्झचा स्वर, आठ ओहमचा भार, त्यावर एसी मीटर. ऑसिलोस्कोपवर लाटेचं डोकं चपटं व्हायच्या बेतात असताना साडेपंधरा व्होल्ट आले तर मशीन ३० वॉटची. या मशीननं तेवढे दिले. आजच्या मंडपात हजारो वॉटच्या पेट्या रचतात, त्यांच्यापुढे तीस वॉट म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट. पण तीस वॉट चांगल्या भोंग्यातून शेतापलीकडच्या गावाला ऐकू जात होते आणि त्या काळी तेवढंच हवं होतं.

वॉल्वच्या ‘गोडव्या’बद्दल आता बरंच ऐकू येतं. मला त्यातलं निम्मं पटत नाही. वॉल्व दुसरा स्वरांश मिसळतो म्हणून आवाज मधुर होतो, असं छातीठोक सांगतात. एकट्या वॉल्वच्या छोट्या मशीनबद्दल ते खरं आहे. पण पुशपुलच्या जोडीत सम स्वरांश एकमेकांना बऱ्यापैकी खोडतात. जोडी लावायचं एक कारणच ते. शिवाय डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात सर्किटचा जो नकाशा दिला, ज्यावरून पुढच्या कितीतरी मशीन बेतल्या गेल्या, त्यामागचा सारा खटाटोप मशीननं स्वतःचा काही गुण आवाजात मिसळू नये यासाठी होता. बरी सेट केलेली वॉल्वची मशीन गोड वाजत नाही, स्वच्छ वाजते. ज्यांना ती फार गोड वाटते त्यांनी एकदा बायस तपासावा. आणि भोंग्यातून तर खर्जाचा बराचसा भाग येतच नाही. तिथे गोडव्याची चर्चा कशाला.

मग हा खटाटोप का, असं नातवानंही विचारलं. काकाजींचं उत्तर व्यवहारी होतं: यात असं काही नाही जे उघडून दुरुस्त करता येत नाही. ते खरं आहे. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, प्रत्येक सांधा कथिलाचा आहे, आणि नकाशा एका पानावर मावतो. आजच्या मशीनचा बोर्ड जळला की सबंध बोर्ड बदलतात किंवा टाकून देतात. वॉल्व मात्र आता परदेशावर टांगलेले आहेत: रशियातलं सारातोव, स्लोव्हाकियातली जेजे, आणि चीन. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाच्या निर्यातबंदीची बातमी आली तेव्हा जगभर ईएल-३४ चे भाव चढले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अजून मिळतात. जोडी घ्यायची तर मोजून जुळवलेली घ्यावी. सुटे दोन घेऊन प्रीसेट कितीही फिरवला तरी बसत नाहीत.

काकाजींचं काम संपल्यावर त्यांनी एक गोष्ट केली, ती प्रत्येकानं करावी. तळाच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं: तारीख, लाइन २५०, प्लेट ४६७, दोन्ही कॅथोड ०.४२. पुढच्या माणसाला अंदाज बांधत बसायला नको.

मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा, चामोर्शी, कुठेही तुमच्या माळ्यावर अशी मशीन असेल तर तीन विनंत्या आहेत. प्लग लावून बघू नका. भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊ नका, कारण त्याला त्यातलं तांबंच दिसतं. आणि आत चिकटवलेला पिवळा पडलेला कागद फाडू नका. तो मशीनचा नकाशा आहे, फोटो काढून ठेवा. हे काम येणारी माणसं आता सत्तरीपुढची आहेत. दाखवायचं असेल तर या मोसमात दाखवा.